कुसळ

बावीस वर्षं मी ड्रॅगलाइन चालवली.
तिचा हात शंभर मीटर लांब,
बादली एवढी की एका ख्रिसमसला
चर्चमधला आमचा सगळा गायकवृंद
फोटोसाठी तिच्यात उभा राहिला.
दोघांना बसायलाही जागा उरली.

मी जमीन उलटी केली.
वरची काळी माती तळाला गेली,
तळाचा खडक वर आला, त्याला वारा लागला
आणि तो आंबला.
अजून तिथे पाणी साचतं संत्र्याच्या रंगाचं.
बेडूक त्यात उतरत नाही.

खाण संपली तेव्हा कंपनीनं गवत पेरलं,
परदेशी, झटपट,
खताची पोतीच्या पोती रिकामी केली.
साहेब आले, फोटो निघाले.
तिसऱ्या हिवाळ्यात ते
जुन्या चटईसारखं हातात सुटून आलं.
"तो रंग होता," खेतिवे म्हणाली. "गवत नव्हतं."

खेतिवे जियाने. माझ्या मुलीच्या वर्गातली.
आता माझी मुकादम.

ती आम्हाला घेऊन गेली जुन्या दफनभूमीत,
ओगीसच्या रस्त्याला.
तिथे नांगर कधी फिरला नाही,
मेलेल्यांना कोण नांगरतं?
आणि खालचा कोळसा पातळ,
म्हणून खाणही कुंपणाशी थांबली.
तेवढ्या दोन एकरांत उरलं होतं ते लालसर गवत.
शेतमालक त्याला रूईग्रास म्हणायचे.
माझी आई नुसतं गवत म्हणायची,
तेव्हा दुसरं नव्हतंच.

कुंपणाच्या अलीकडे चौदा कबरी होत्या.
त्या हलवल्या. एक माझ्या बापाची.
तो आता शहरात, सिमेंटखाली,
नंबर सी एकशे सहा.
नंतरच्या सोमवारी तिथे पहिली बादली
मीच टाकली.
रजा मागितली असती तर मिळाली असती.

माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं.
माझ्या डोळ्यातलं मुसळ शंभर मीटरचं होतं,
रात्रपाळीला त्यावर दिवे लागायचे.

आता जानेवारीत आम्ही सात जण
कबरींच्या मधून वाकून बी ओरबाडतो.
यंत्र चालत नाही,
कुसळं एकमेकांत गुंततात, त्यांचे गोळे होतात.
मग खेतिवे वाळलं गवत जाळून
तो धूर पाण्यातून सोडते,
त्या पाण्यात बी भिजवते.
वणवा येऊन गेला असं वाटल्याशिवाय
हे जागं होत नाही, म्हणते.
जन्मभर धुरात गेला माझा,
पण हा धूर वेगळा,
याला खोकला येत नाही.

एकदा तिनं माझ्या तळहातावर एक बी ठेवलं
आणि त्यावर श्वास सोडला,
आरसा पुसण्याआधी सोडतो तसा, दमट.
काळं कुसळ हललं.
स्वतःला पिळत वळलं अर्धा वेढा,
टोकानं माझी कातडी चाचपत.
"दव पडलं की असंच खाली शिरतं," ती म्हणाली,
"स्वतःच खणतं."
मी हात बराच वेळ तसाच धरून ठेवला.
केवढं लहान यंत्र.
आणि डिझेल नाही.

पहिल्या वर्षी मीटरभर चौकटीत
मी चार रोपं मोजली.
खेतिवे म्हणाली तीन, चौथं तण आहे.
आम्ही भांडलो, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.
पूर्वी मी पाळीला हजार-हजार बादल्या मोजायचो
आणि एकीवरूनही कुणाशी भांडलो नव्हतो.

संध्याकाळी रिबेका माझ्या मोज्यांतली कुसळं उपटते,
शिव्या देत,
आणि दारातूनच बाहेर भिरकावते.
बाहेर खडी आहे, चुलीची राख आहे,
शेजाऱ्याची कोंबडी आहे.
मी काही समजावत बसत नाही.
एवढंच म्हणतो,
तेवढ्या जागेत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत
झाडू मारू नकोस.